भेटीचा शॉट

अवधूतच्या ओळखपत्रावर 'मल्टीमीडिया जर्नलिस्ट' असं छापलेलं होतं, पण जिल्ह्यात त्याला सगळे 'शूटिंगवाले' म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फोटो त्यानंच काढायचा, व्हिडिओ त्यानंच करायचा, माइक त्यानंच पुढं धरायचा आणि परतीच्या वाटेवर एखाद्या हॉटेलात बसून, चहा निवेपर्यंत सगळं मोबाईलवर कापून-जोडून चॅनेलला धाडूनही त्यानंच द्यायचं. संध्याकाळी नगरला, सावेडीतल्या फ्लॅटवर आई विचारायची, "आज काय काय बघितलंस रे?" तर याला सांगता यायचं नाही. आता याला काय म्हणावं? दिवसभर बघण्याचंच काम करणारा माणूस, आणि बघितलेलं मेलं याच्या डोक्यात राहायचंच नाही. ते मेमरी कार्डात राहायचं.

कामाला मात्र वाघ होता. उन्हातान्हात कुठंही पाठवा, हा स्कूटरला किक मारून तयार. आणि एखादा शॉट हुकला तरी हा डगमगायचा नाही, कारण हुकलेलं परत करून घेता येतं हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता. आपल्याकडे त्याचं कुणाला वावडंही नाही म्हणा. पुढारी फीत कापतात, मान वळवून 'आलं का?' म्हणून विचारतात, आणि नाही म्हटलं तर फितीची दोन्ही टोकं जुळवून धरायला लावून हसतमुखानं पुन्हा कापतात. लावलेलं रोप उपटून परत लावतात. पुढं ते रोप जगलं तर त्याचं नशीब. एका बंधाऱ्याच्या जलपूजनाला तर आप्पासाहेब नावाच्या एका गावपुढाऱ्यांनी पाण्यात सोडलेला नारळ गड्याला पोहायला लावून परत आणवला होता आणि तोच पुन्हा सोडला होता, का, तर अवधूतची बॅटरी ऐनवेळी गेली होती. एकूण काय, 'परत एकदा घेऊ' हे त्याच्या जिभेवर असं बसलं होतं की ते म्हणताना समोर कोण आहे हेसुद्धा तो बघेनासा झाला होता. आणि त्याला नाही म्हणणारा माणूस अजून भेटायचा होता.

तर त्या हिवाळ्यात सुनीतीताईंचा फोन आला. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या, डोकं हरवून बसलेल्या माणसांना उचलून आणायचं, औषधपाणी करायचं आणि घर सापडलं तर घरी पोचवायचं, असं काम करणारी नगरजवळ एक छोटी संस्था होती. सुनीतीताई तिथल्या कार्यकर्त्या. त्या म्हणाल्या, "आमचा गोरक्ष घरी चाललाय. श्रीगोंद्याच्या बाजूला त्यांची वस्ती आहे. आई आहे, थोरला भाऊ आहे. नऊ-दहा वर्षांनी जातोय. तुम्ही एकटेच या, दुसरा कॅमेरा नको. असल्या बातम्या बघून आणखी कुणाला आपलं माणूस ओळखू येतं, म्हणून बोलावतेय, नाहीतर बोलावलं नसतं."

अवधूतनं संपादकांना सांगितलं. संपादक खूश झाले. म्हणाले, "मायलेकरांची मिठी पाहिजे बघ. बाकी काही नसलं तरी चालेल, पण मिठी पाहिजे. आणि पोराचा चेहरा आधी कुठं दाखवू नकोस, एकदम मिठीतच दिसू दे." हे अवधूतला सांगायला नकोच होतं. चेहरा राखून ठेवायचा असतो, एवढं त्यालाही कळत होतं.

संस्थेच्या गाडीतून ते निघाले. पुढं ड्रायव्हरशेजारी गोरक्ष, मागं अवधूत आणि सुनीतीताई. गोरक्ष असेल चाळिशीच्या आतबाहेर. निळ्या चौकड्यांचा नवा शर्ट, बारीक कापलेले केस. कुणी काही विचारलं की तेवढंच बोलायचा, आणि मग गप्प. अवधूतनं मागूनच त्याचे शॉट घेतले. मांडीवर ठेवलेले हात घेतले, कानामागचा भाग घेतला, काचेबाहेर पळणारा ऊस घेतला. कारखाने सुरू झालेले, त्यामुळं रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, तीही घेतली. मग त्यानं सुनीतीताईंच्या पदराला माइक लावला आणि म्हणाला, "ताई, थोडक्यात सांगा."

ताई हळू आवाजात सांगू लागल्या. "भावाभावात भांडण झालं होतं. मोठं काही नव्हे, घरोघरी होतं तसलंच. थोरला रागात म्हणाला, चालता हो घरातून. आणि हा उठून चालायला लागला, तो परत आलाच नाही. डोकं आधीच थोडं हललेलं असणार, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता औषधानं बरंच बरं आहे, पण ती एक गोष्ट याच्या मनातून गेलेली नाही. संस्थेत कुणी नुसतं 'जरा बाहेर थांब' म्हणालं, तरी हा फाटक उघडून रस्त्याला लागतो. तीनदा आणलाय आम्ही असा. म्हणून त्याला बाहेर जा असं कुणीही म्हणायचं नाही, हा आमचा नियमच आहे. आज तो घरात जाऊन बसला, आणि रात्री तिथंच झोपला, की आपण जिंकलो. मला दुसरं काही नको."

अवधूत मान डोलवत होता. समोरचा बोलत असताना मान डोलवायची, म्हणजे त्याला हुरूप येतो, ही या धंद्यातली रीत आहे. डोळे मात्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर आवाजाबरोबर खालीवर होणाऱ्या हिरव्या पट्टीवर होते. खिडकीतून वारं येत होतं, आवाज फाटू नये म्हणून तो डोळ्यांत तेल घालून ती पट्टी बघत होता. ताईंचं बोलणं थांबलं तसा तो म्हणाला, "मस्त आलाय आवाज, ताई."

आवाज खरंच मस्त आला होता. त्या आवाजात ताई काय बोलल्या ते मात्र याच्या कानांवरून वाहून गेलं, पाटाचं पाणी वाहून जातं तसं.

वस्ती उसात बुडालेली होती. त्यांना रस्त्यावर उतरवून ड्रायव्हर गाडी सावलीला पुढं घेऊन गेला. रस्ता ओलांडून बांधावरून आत जायचं, दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये पायवाट, आणि पायवाटेच्या टोकाला सिमेंटचं बसकं घर. गर्दी नको असं ताईंनी बजावलं होतं, म्हणून शेजारपाजारचं कुणी नव्हतं. दारात मनकर्णाबाई, म्हणजे गोरक्षची आई, हातात भाकरतुकडा घेऊन उभी होती. उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. इतक्या वर्षांनी माणूस घरी येतो तर त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं आणि मगच आत घ्यायचं. थोरला अमृत गोठ्यापाशी मान खाली घालून उभा होता. त्याच्यात पुढं यायचं बळ नव्हतं.

अवधूत सगळ्यांच्या आधी धावत पुढं गेला. बिचाऱ्यानं सगळं डोक्यात मांडून ठेवलं होतं. आधी पायांवर पडणारं पाणी अगदी जवळून, मग भाकरतुकडा, मग मिठी. तो उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि कॅमेरा तांब्यावर लावला.

पण आईनं कुठं काय ठरवलेलं असतं? गोरक्ष पायवाटेवरून अंगणात आला मात्र, म्हातारीच्या हातातला तुकडा गळून पडला, तांब्याला पायाची ठोकर बसली, आणि ती "गोरखा, माज्या लेकरा" म्हणत धावली. अंगणाच्या मधोमध तिनं त्याला मिठी मारली. तिचा हुंदका गोठ्यापर्यंत ऐकू गेला. मागं उभ्या असलेल्या सुनीतीताईंनी पदर डोळ्यांना लावला. अवधूतनं गडबडीनं कॅमेरा वर केला, तो फोकस जुळेना. जुळला तोवर मायलेकरं सुटी झाली होती आणि आई त्याचा हात धरून त्याला घरात नेत होती.

गोरक्ष घरात गेला. सोप्यात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला. आईनं चहा दिला तो प्याला. सुनीतीताईंनी लांबूनच हे बघितलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. आता गोळ्या आणि 'बाहेर जा' न म्हणण्याचा तो नियम आधी भावाला आणि मग आईला समजावून सांगावा म्हणून त्या अमृतला घेऊन गोठ्यामागं गेल्या.

इकडं अवधूतनं काय आलंय ते बघितलं. कलंडलेला तांब्या आला होता. पळणारे म्हातारीचे पाय आले होते. त्याच्यापुढं दोघं घराकडं वळेपर्यंत सगळं धूसर. मिठीचा पत्ता नाही. आता संपादकांना काय तोंड दाखवायचं? मिठीच नाही तर बातमी कसली?

तो सोप्यात गेला आणि अगदी सहज म्हणाला, "आजी, भाकरतुकडा ओवाळायचा राहिला की. पायांवर पाणी पण नाही घातलं."

म्हातारी चपापली. "व्हय की," म्हणाली. "आगं बया, तसंच घेतलं की म्या त्याला आत."

खरं तर अवधूतला भाकरतुकडा ओवाळला काय आणि न ओवाळला काय, सारखंच होतं. त्याच्या स्वतःच्या घरी असलं कधी कुणी केलं नव्हतं. पण म्हातारीचा जीव कशात अडकेल हे त्याला बरोबर कळलं, आणि त्यानं ते वापरलं. पुढं त्याला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटत राहिली.

"मग परत एकदा घेऊ," तो म्हणाला. "ह्यांना बांधापर्यंत जाऊ दे, तिथून परत येऊ दे. तुम्ही दारात थांबा. मी हात वर केला की हाक मारा, ते येतील, मग नीट ओवाळा, आणि मग मघासारखंच जवळ घ्या." आणि गोरक्षकडे वळून म्हणाला, "दादा, जरा बाहेर जाता का?"

गोरक्षनं त्याच्याकडे बघितलं नाही. कपाच्या तळाकडे बघत बसून राहिला.

"आजी, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

मनकर्णाबाईला कॅमेऱ्यातलं काय कळणार? शिकलेला माणूस सांगतोय, नगरहून आलाय, ओवाळायचंही राहिलंय. ती लेकापाशी वाकली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा बाळा. भाईर जा जरा."

गोरक्षनं कप खाली ठेवला. उठला. दाराबाहेर काढलेल्या चपला पायांत घातल्या आणि चालायला लागला.

अवधूत दाराशी बसला आणि कॅमेरा लावला. दिवस कलायला लागला होता. उसाच्या दोन भिंतींमधून ऊन तिरपं आत आलेलं, मध्ये ती पायवाट, आणि पायवाटेवरून जाणारा निळ्या शर्टातला पाठमोरा माणूस. काय सांगावं, असं चित्र त्याला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. हात वर करायचा तो विसरला नव्हता. पण अजून थोडं जाऊ दे, असं वाटलं. आणखी थोडं. बांधावर गेला की आणखीच छान दिसेल.

गोरक्ष बांधावर गेला आणि थांबला नाही. बांध उतरला, रस्ता ओलांडला. मधून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर धडधडत गेला. तो गेल्यावर पलीकडं कुणी नव्हतं. नुसता ऊस.

अवधूतनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. शेजारी मनकर्णाबाई ओला तांब्या आणि भाकरीचा दुसरा तुकडा घेऊन उभी होती. ती लेकाकडे बघतच नव्हती. ती अवधूतच्या हाताकडे बघत होती.

"मारू का आता हाक?" तिनं विचारलं.

तिनं हाक मारली. सगळ्यांनी मारली. सुनीतीताई गोठ्यामागून धावत आल्या, "काय म्हणालात तुम्ही त्याला?" म्हणून विचारलं, आणि अवधूत म्हणाला, "मी नाही, आजींनीच..." ताई म्हणाल्या, "अहो, गाडीत सांगितलं होतं ना मी? तुम्ही मान डोलवत होतात." त्याला ती हिरवी पट्टी तेवढी आठवत होती.

अंधार पडेपर्यंत उसाच्या सऱ्या धुंडाळल्या. तोडणीच्या टोळ्यांना विचारलं, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारलं. पोलिसांत कळवलं. ऊस म्हणजे काय, दोन हातांवर माणूस उभा असला तरी दिसत नाही. आणि रस्त्याला लागला असेल, तर एवढ्या ट्रॉल्या कारखान्याकडे जातात, कुठल्या बसमध्ये, कुठल्या टेम्पोत चढला, कोण सांगणार?

संपादकांचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "पाठमोरा जातानाचा शॉट आहे ना? तो दे की मग. आईच्या दारातून लेक पुन्हा बेपत्ता. ही तर मोठी बातमी झाली." अवधूतनं तो दिला नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं संपादकांना नाही म्हटलं, आणि त्याचं त्याला काडीचंही समाधान वाटलं नाही. उशिरा सुचलेलं शहाणपण ते. अंगावरच्या कपड्यांची खूण म्हणून त्यातलं एक चित्र पोलिसांना दिलं, संस्थेतला जुना फोटो जोडला आणि 'आपण यांना पाहिलंत का' म्हणून जिल्हाभर मोबाईलवर फिरवलं. सुनीतीताई एसटी स्टँडं आणि रेल्वे स्टेशनं पालथी घालत होत्या. अवधूतही सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर हिंडला. त्या त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

काम सोडलं नाही त्यानं. सोडून पोट कसं भरणार? पण फीत कापून झाली आणि पुढाऱ्यांनी 'आलं का?' विचारलं, की शॉट आलेला असो-नसो, हा 'आलं, आलं' म्हणून मोकळा व्हायचा.

संक्रांत झाल्यावर एक दिवस तो मनाचा हिय्या करून वस्तीवर गेला. माफी मागायची होती. म्हातारीनं शिव्या घालाव्यात, हाकलून द्यावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

अमृत गोठ्यात कडबा टाकत होता. "या," म्हणाला. "आय सारखी इचारती, ते शूटिंगवाले कवा येनार म्हनून."

"अमृतराव, माझ्यामुळं झालं हो हे सगळं."

अमृतनं हातातला कडबा खाली ठेवला. "पयल्यांदा माज्यामुळंच गेल्ता न्हवं? मी कुठल्या तोंडानं बोलू तुमाला?"

मनकर्णाबाई दारात बसली होती. आठवडाभर जेवलेली नसावी इतकी वाळली होती. तिनं त्याला ओळखलं, सरकून जागा दिली. तो काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "त्यानं माजं ऐकलं बगा. ल्हानपनापासनं ऐकायचा. अमृतनं चालता हो म्हनलं हुतं, तर म्या त्याच्याशी कितीक वर्सं नीट बोलले न्हाई. अन् आता म्याच म्हनलं."

"तुम्ही नाही, आजी. मी म्हणायला लावलं."

ती त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघून म्हणाली, "तुमच्या त्या मशीनमदी हाय न्हवं सगळं? मला दावा."

अवधूतनं कॅमेरा काढला. तिला हवं तर तिनं ते बघावं, हा तिचा हक्कच होता. त्यानं पाठमोरा शॉट लावून छोटा पडदा तिच्यापुढं धरला. तिनं थोडा वेळ बघितलं आणि मान हलवली.

"ह्ये न्हाई. ह्ये जातानाचं. ह्ये मी बगितलं. येतानाचं दावा. मी जवळ घेतला तवाचं."

"ते आलं नाही, आजी," अवधूत म्हणाला. "ते हुकलं. म्हणून तर..."

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"म्या डोळं मिटलं हुतं," ती म्हणाली. "येवड्या वर्सांनी लेकरू आलं, अन् मी येडी डोळं मिटून बसले. म्हनलं, बगू की निवांत, आता कुटं जातोय. मंग च्या देतानी त्यो खालीच बगत हुता. म्हनून म्हनलं, तेवडं तरी बगावं. मी जवळ घेतला तवा हासत हुता का रडत हुता, तेवडंच. अमृतला इचारलं, तर त्यो म्हनतो, म्या मान वर केलीच न्हाई. त्या बाई म्हनल्या, त्याची पाठ हुती माज्याकडं. मंग माज्या ध्यानात आलं, तुमी दारात बसला हुता. त्याचं तोंड घराकडंच हुतं. तुमाला दिसलं आसंल."

अवधूतला दिसायला हवं होतं. अंगणात, दहा पावलांवर, त्या आईच्या खांद्यावरून गोरक्षचं तोंड सरळ त्याच्याकडे होतं, आणि मध्ये काही म्हणजे काही नव्हतं. तो फोकस जुळवत होता. हसत होते, असं म्हणायला काय जात होतं? म्हातारीनं तेवढं उराशी धरून दिवस काढले असते. शब्द त्याच्या तोंडाशी आलेसुद्धा. पण तिच्यापुढं आणखी एक बनवलेली गोष्ट ठेवायला त्याची जीभ वळेना.

"सांगा की, दादा," ती म्हणाली. "तुमी समोरच हुता."

"मी बघितलं नाही, आजी," अवधूत म्हणाला.